न निघालेल्या अल्बमचा वारस कोण?

कॅसेटच्या पाठीवर दोन टोकांना दोन इवल्याशा प्लास्टिकच्या पट्ट्या असायच्या. बॉलपेनच्या टोकानं पट्टी मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही टेप होत नसे. मोडलेल्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की पुन्हा खुशाल होई. ध्वनिमुद्रण जपायचं कसं, याचं माझ्या पिढीला मिळालेलं शिक्षण एवढंच. ते पुसायचं कसं, याचंही एवढंच.

गेल्या मे महिन्यात, पावसाच्या आधी माळा आवरताना अशी एक कॅसेट सापडली. साठ मिनिटांची. लेबलवर माझंच अक्षर : ‘रफ मिक्स, ऑक्टो. ९८. पुसू नये.’ दोन्ही खाचा मोडलेल्या. बी बाजूच्या खाचेवर मात्र पिवळा पडलेला सेलोटेप.

१९९८ साली पुण्यात आम्ही पाच जण एक रॉक बँड चालवत होतो. ‘चालवत होतो’ हे जरा जास्तच झालं. एरंडवण्यातल्या एका बंगल्याचं गॅरेज होतं, तिथल्या आजी रात्री आठनंतर ड्रमला हात लावू देत नसत. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींत एकमेकांची ओळख झालेली. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव ऐकायला सिंहगड एक्स्प्रेसनं मुंबईला रंगभवनात जायचं आणि रात्रीच्या गाडीनं दारात बसून परत यायचं. इतरांची गाणी वाजवून वाजवून शेवटी कंटाळा आला आणि त्या कंटाळ्यातून आमची स्वतःची आठ गाणी झाली. सात इंग्रजी, एक मराठी. मराठी गाणं आम्ही जरा लाजतच केलं होतं; मराठीत रॉक म्हणजे तेव्हा चेष्टेचा विषय.

वर्गणी काढून कर्वे रस्त्याच्या एका गल्लीतल्या स्टुडिओत शिफ्टा घेतल्या. तिथे दोन एडॅट मशीन जोडलेली होती. एडॅट म्हणजे नव्वदच्या दशकात छोट्या स्टुडिओंना लागलेली लॉटरी : साध्या एस-व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर आवाजाचे आठ ट्रॅक डिजिटल उतरायचे. दोन मशीन जोडली की सोळा. गाणी मुद्रित झाली, मिक्सिंग (सुटे ट्रॅक तोलून एकत्र बसवणं) बाकी राहिलं आणि पैसे संपले. साडेचार हजार देणं होतं. ‘पैसे आणा, टेप न्या,’ असं मालक म्हणाले, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. मग गिटारवाला एमएस करायला गेला, ड्रमरला बंगळूरची नोकरी लागली, गायकाचं लग्न ठरलं. दीड वर्षानं मी पैसे घेऊन गेलो तेव्हा स्टुडिओ बंद झाला होता. मालक दुसरीकडे लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करत होते. म्हणाले, “त्या टेपा ना? चांगल्या प्रतीच्या होत्या हो.”

होत्या. एस-व्हीएचएस कॅसेट व्हिडिओ रेकॉर्डरलाही चालते. आमचा अल्बम पुण्यातल्या कुणाच्या तरी मुंजीखाली गाडला गेला आहे.

पंचवीस वर्षं मी हा किस्सा हशा मिळवण्यासाठी सांगितला, आणि तो मिळालाही. अलीकडे एका तरुण मुलानं ऐकून सरळ विचारलं, “पण काका, तो निघालाच नव्हता ना? मग हरवलं काय?” प्रश्न उद्धट नव्हता. वाङ्मयाच्या, चित्रपटाच्या बाबतीत आपण असा प्रश्न विचारत नाही, संगीताच्या बाबतीत सहज विचारतो, आणि रॉकच्या बाबतीत तर विचारण्याचीही तसदी घेत नाही. म्हणून त्याला उत्तर द्यायचं ठरवलं. माझं म्हणणं असं, की संगीत सांभाळणं आणि संगीत प्रसिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण ती एकच समजतो. अल्बम न काढण्याचा हक्क बँडचा. तो कुणी हिरावून घेऊ नये. पण ‘निघाला नाही’ म्हणून तो अडगळीत, भंगारात किंवा मुंजीखाली जाऊ द्यायचा, हा हक्क कुणी कुणाला दिलेला नाही. तो नुसता हलगर्जीपणा आहे. आणि त्याच्यावर इलाज करता येण्यासारखा आहे, तोही पुण्यात.

पहिला आक्षेप आपल्या मातीतला आहे. ‘चांगलं असतं ते तरतंच. तुकोबांची गाथा नाही का तरली?’ देहू इथून तासाभराच्या अंतरावर, तेव्हा हे उदाहरण पुणेकराच्या जिभेवरच असतं. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा. तिला हात लावण्याचं मला कारण नाही. ज्यांना चमत्कार मान्य नाही ते म्हणतात, अभंग लोकांच्या तोंडी होते, म्हणून बुडवूनही बुडाले नाहीत. हेच म्हणणं खरं धरलं तर ते आक्षेपाच्या उलटच जातं. कारण न निघालेला अल्बम कुणाच्याच तोंडी नसतो. त्याची इंद्रायणी म्हणजे तो स्टुडिओ, आणि काठावर कुणी उभं नसतं. शिवाय वाईट दर्जाचं संगीत बुडतं आणि चांगलं तरतं, असा काही नियम मला आजवर दिसलेला नाही. टेपला गाणं कळत नाही.

दुसरा आक्षेप जरा जास्त हुशार आहे. तो म्हणतो, हरवणं कधीकधी बरंच असतं. अमेरिकेतल्या ग्रीन डे बँडचा दाखला दिला जातो. २००३ च्या सुमारास त्यांच्या जवळजवळ पूर्ण झालेल्या अल्बमच्या मास्टर, म्हणजे मूळ, टेप स्टुडिओतून चोरीला गेल्या. तीच गाणी पुन्हा मुद्रित करायची की नवं काही करायचं, असा प्रश्न आला. त्यांनी नवं करायचं ठरवलं. २००४ साली ‘अमेरिकन इडियट’ निघाला आणि बँडचं नशीबच पालटलं. म्हणजे चोरानं उपकार केले! गोष्ट छान आहे. पण ती आपल्यापर्यंत का पोचली, हेही बघा : पुढे यश मिळालं म्हणून. टेप गेल्यावर ज्यांनी गिटारी विकून टाकल्या आणि बँकेत नोकऱ्या धरल्या, त्यांची गोष्ट कोण सांगणार? एखाद्याला अपघातानंतर शहाणपण आलं म्हणून रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे थांबवत नाहीत. (पुण्यात थांबवतात, तो विषय निराळा.)

याच्या समोर दुसरं उदाहरण ठेवतो. बीच बॉइज या बँडनं १९६६-६७ मध्ये ‘स्माइल’ नावाच्या अल्बमवर महिनोन्‌महिने काम केलं. बँडचा मुख्य संगीतकार ब्रायन विल्सन यानं ते अर्धवट सोडलं. कारणं अनेक होती : मनःस्थिती, बँडमधले मतभेद, कंपनीशी वाद. अल्बम निघाला नाही, पण टेप राहिल्या. त्या कुणी वापरलेली रिळं म्हणून दुसऱ्याच्या गळ्याखाली घातल्या नाहीत. विल्सननं २००४ मध्ये तीच रचना नव्यानं गाऊन पूर्ण केली आणि २०११ मध्ये मूळ मुद्रणं पेटीबंद संच म्हणून बाहेर आली. चव्वेचाळीस वर्षं. या काळात अल्बम ‘प्रसिद्ध’ नव्हता आणि ‘हरवलेला’ही नव्हता. ही तिसरी अवस्था आपल्याकडे नाहीच. आपल्याकडे संगीत एक तर बाजारात असतं, नाहीतर जुन्या बाजारात.

तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. १ जून २००८ ला लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तेव्हा बातम्या आल्या त्या किंगकाँगचा देखावा जळाल्याच्या. तिथल्या गोदामात ध्वनिमुद्रणांच्या मूळ टेप होत्या, हे न्यू यॉर्क टाइम्सनं अकरा वर्षांनी, २०१९ मध्ये सविस्तर छापलं. कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांत सुमारे पाच लाख गाण्यांच्या मुद्रणांचा अंदाज होता; कंपनीनं नंतर हा आकडा फुगवलेला असल्याचं सांगितलं. आकडा काही असो, मला खटकली ती अकरा वर्षं. स्वतःच्या टेप जळाल्या हे कलावंतांनी वर्तमानपत्रात वाचायचं?

आणि ज्यांच्याकडे टेपच नव्हत्या, फक्त फाइली होत्या, त्यांचं काय? २००५ नंतर आपल्याकडच्या पोरांनी गाणी मायस्पेस या वेबसाइटवर चढवली. पुण्यात डिसेंबर २०१० मध्ये पहिला एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव झाला, तोवर ‘आमचं मायस्पेस बघा’ हे बँडवाल्यांचं व्हिजिटिंग कार्डच झालं होतं. मार्च २०१९ मध्ये मायस्पेसनं कबूल केलं की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ मध्ये चढवलेलं सगळं गेलं. पाच कोटींच्या आसपास गाणी, एक कोटी चाळीस लाख कलाकारांची. काही संशोधकांनी आपल्या अभ्यासासाठी आधीच उतरवून ठेवलेली चार लाख नव्वद हजार गाणी इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहाला मिळाली. शेकड्याला एक. कुणाच्या तरी निराळ्याच कामासाठी केलेली नक्कल वाचली, म्हणून तेवढं उरलं. ‘आता सगळं क्लाउडवर असतं, काळजी नको’ म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा माळा.

आता रॉकच का, हा प्रश्न. पुण्यात हा प्रश्न येणारच, कारण इथे संगीत म्हटलं की डिसेंबर, शाल आणि सवाई. थोर गवई भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. भारत गायन समाज त्यांनी १९११ मध्ये याच शहरात सुरू केला. त्यांचा आवाज आज कुणालाच ऐकता येत नाही, मुद्रण उपलब्ध नाही. हे नुकसान फार मोठं आहे, आमच्या आठ गाण्यांशी त्याची तुलनाही करू नये. तरी भास्करबुवा पूर्ण गेले असं आपण म्हणत नाही. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांच्या गळ्यातून, बालगंधर्वांच्या पदांतून, पुढच्या तालमींतून त्यांचं काही ना काही आलं. गुरू-शिष्य परंपरा म्हणजे एक चालतं-बोलतं ध्वनिमुद्रण होतं. त्यात पाठ बदलत गेला असेल, पण तो वाहत राहिला.

रॉकला ही सोय नाही. रॉक बँडचं गाणं म्हणजे नुसती चाल आणि शब्द नव्हेत. त्या दिवशी त्या खोलीत तो अँप्लिफायर किती फाटत होता, ड्रमरनं दुसऱ्या कडव्याला लय किंचित पुढे ढकलली, गायकाला सर्दी होती, हे सगळं मिळून ते गाणं. कागदावर लिहून ठेवलं तर हाती सांगाडा येतो. शिष्य नसतात, घराणं नसतं, बँड सरासरी चार वर्षांत मोडतो (हा माझा अनुभव, शास्त्र नव्हे). तेव्हा इथे मुद्रण हीच कृती. मुद्रण गेलं की मागे राहतात ती माणसं आणि त्यांचे किस्से. १९७० आणि १९७१ मध्ये एका सिगारेट कंपनीनं भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडांच्या दोन तबकड्या निघाल्या होत्या. त्यांतल्या कित्येक बँडांचं आज तेवढंच एक गाणं उरलंय. त्या दोन तबकड्या भंगारात गेल्या असत्या तर त्या काळी हे बँड या देशात रॉक वाजवत होते, हेही पुराव्यानिशी सांगणं अवघड झालं असतं.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला भांडारकर संस्थेवरून जाताना नेहमी सुचते. १९१९ ते १९६६ एवढी वर्षं घालवून, १,२५९ हस्तलिखितं पुढ्यात ठेवून ज्या शहरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, त्या शहराला पाठभेद म्हणजे काय हे शिकवायला नको. काश्मीरच्या पोथीत हा श्लोक नाही, मलबारच्या पोथीत शब्द वेगळा आहे, हे आपल्याला मोलाचं वाटतं. मग एखाद्या गाण्याचा पहिला टेक, रफ मिक्स, ज्यात सोलो वेगळाच आहे ते रूप, म्हणजे पाठभेद नाही तर काय? भारत इतिहास संशोधक मंडळानं मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) जमवले. त्यातले बहुतेक कागद हिशेबाचे आणि तक्रारींचे. कुणी ते साहित्य म्हणून लिहिले नव्हते. त्यांच्यातून अख्खी पेशवाई उभी करता येते, आणि नव्वदच्या दशकातला पुण्याचा तरुण काय ऐकत होता, कशाची नक्कल करत होता, कधी लाजत मराठीकडे वळत होता, हे कळायला मात्र काहीच शिल्लक नको?

कायद्याकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात पुस्तक छापणाऱ्यानं त्याच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रं आली. ध्वनिमुद्रणं आजही नाहीत. म्हणजे स्तोत्रांची दहा पानी पुस्तिका राष्ट्राच्या स्मरणात जाते आणि मोठ्या कंपनीनं काढलेला अल्बमसुद्धा जात नाही. न निघालेल्याची तर बातच सोडा. नॉर्वेच्या १९८९ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणं आहेत. फ्रान्समध्येही आहेत. ब्रिटनमध्ये कायद्याची सक्ती नाही, पण ब्रिटिश लायब्ररीचा ध्वनिसंग्रह स्वेच्छेनं दिलेलं घेतो आणि नीट ठेवतो.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. नीट वाचा : प्रकाशित झाल्यानंतर. जे प्रकाशितच झालं नाही त्याचं घड्याळ सुरूच होत नाही. १९६५ साली निघालेली तबकडी २०२६ पासून सर्वांसाठी खुली होते, पण त्याच साली मुद्रित होऊन कपाटात पडलेली टेप कधीच खुली होत नाही. बाजारात आलेल्या गाण्याला मुदत आहे, न आलेल्याला नाही. याच कायद्यात ३१-अ नावाचं कलम आहे : अप्रकाशित कृतीचा कर्ता हयात नसेल, अज्ञात असेल किंवा हक्काचा मालक सापडत नसेल, तर कुणीही रीतसर अर्ज करून प्रकाशनाचा परवाना मागू शकतो. उत्तम. पण परवान्यासाठी आधी टेप हवी. मुंजीच्या व्हिडिओखालून गाणी काढायचा परवाना कुठलं न्यायालय देणार?

आणि मालक कोण? कायद्याच्या भाषेत ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. आमच्या बाबतीत ती आम्ही पाच पोरं होतो, वर्गणी आमची होती. म्हणजे गाणी आमची, आणि गाणी ज्यावर होती ती प्लास्टिकची डबी स्टुडिओची. हा फरक तेव्हा आम्हाला कुणी सांगितला असता आणि पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या असत्या, ‘बाकी मिळेपर्यंत टेप ठेवीन, पुसणार नाही, पुसण्याआधी कळवीन’, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. आज घरच्या घरी गाणी करणाऱ्या मुलांनाही मी हेच विचारतो : सेशनच्या फाइली कुणाच्या लॅपटॉपमध्ये आहेत? आणि तो बँड सोडून गेला तर? उत्तर म्हणून बहुतेक वेळा एक हसू मिळतं.

खर्चाचं म्हणाल तर तो आता बहाणा उरलेला नाही. आमचं सगळं मुद्रण सोळा ट्रॅकचं, सोळा बिटांचं, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झचं. हिशेब केला : चाळीस मिनिटांना चार जीबीहून थोडं कमी. १९९८ मध्ये घरच्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क साधारण एवढीच असायची, म्हणून तेव्हा नक्कल काढणं ही चैन होती. आज असे चार अल्बम भेट म्हणून वाटल्या जाणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये मावतात. ध्वनिसंग्राहकांची आंतरराष्ट्रीय संघटना जपणुकीसाठी चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ सुचवते. त्या दर्जानंही तासाभराच्या स्टिरिओ मुद्रणाला दोन जीबीच लागतात. महाग आहे ती वेळ. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही रिळांवरचा चिकट थर हवेतला ओलावा शोषून इतका चिकचिकीत होतो, की मशीनवर लावली तर रीळ स्वतःला सोलून घेतं. ती आधी पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास भाजावी लागतात, तेवढ्यापुरती ती वाजतात आणि तेवढ्यात नक्कल करायची. पुण्याच्या पावसाळ्यात कॅसेटींवर पांढरी बुरशी येते. एडॅट मशीन चालू अवस्थेत असलेला माणूस शोधायला मला चार महिने लागले, आणि शोधून उपयोग नव्हता कारण टेपच नव्हती, पण तो निराळा वेडेपणा. दरवर्षी चालू मशीनं कमी होतात, दुरुस्त करणारे हात त्याहून वेगानं कमी होतात. तपकीर गल्लीत माझी कॅसेट ज्यांनी नवीन डबीत बसवून दिली ते गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या मुलाचं मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे आणि ते बरं चालतं.

मग करायचं काय? लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. आता ते चित्रपट विकास महामंडळात विलीन झालंय, पण जागा तीच, तापमान आणि आर्द्रता सांभाळणारे व्हॉल्ट तिथलेच. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत देशात नाही, आणि जानेवारी २००३ मध्ये जुन्या प्रभातच्या आवारातल्या व्हॉल्टमध्ये चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मला लागलेली आग या शहरानं पाहिलेली आहे. हरवल्यावर काय होतं हे पुण्याइतकं क्वचितच दुसऱ्या गावाला माहीत असेल. चित्रपटाच्या लोकांना त्यांचेच प्रश्न पुरेसे आहेत, हे मला मान्य आहे. त्यांच्या गळ्यात आणखी एक धोंड बांधा असं मी म्हणत नाही. पण विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे संगीत शिकवलं जातं, शिकणारी मुलं आहेत. एक खोली, दोन कॅसेट डेक, एक रिळाचं मशीन, एक जाणकार पगारी माणूस, आणि चित्रपट संग्रहालयाकडून फक्त सल्ला. सुरुवात याहून मोठी नको. मोठ्या सुरुवाती आपल्याकडे उद्घाटनापर्यंतच टिकतात.

आणि त्या खोलीचा नियम एकच महत्त्वाचा : इथे ठेवलेलं वाजवलं जाणार नाही. मृत्युपत्र जसं सीलबंद ठेवतात तसं. ठेवणाऱ्यानं लिहून द्यायचं, कधी उघडायचं : सगळ्यांची संमती मिळाल्यावर, पंचवीस वर्षांनी, की शेवटचा सदस्य गेल्यानंतर. नष्ट करायचं असेल तरी सगळ्यांच्या सह्यांनी. हा नियम मला आमच्या गायकामुळे सुचला. कॅसेट सापडल्याचं ग्रुपवर टाकलं तेव्हा ड्रमर म्हणाला, आजच्या आज यूट्यूबवर टाक. गिटारवाला म्हणाला, मशीन लर्निंगनं वाद्यं सुटी करता येतात, नव्यानं मिक्स करू. बीटल्सनी २०२३ मध्ये त्यांच्या दिवंगत साथीदाराच्या, जॉन लेननच्या, जुन्या कॅसेटवरचा आवाज तसाच सोडवून घेतला, त्याचं त्यानं लांबलचक वर्णन केलं. गायक दोन दिवस काही बोलला नाही. मग त्यानं लिहिलं, “मला ऐकायचं नाही. कुणाला ऐकवू पण नकोस. पण टाकू नकोस रे.”

बाकीच्यांना हे रडगाणं वाटलं. मला वाटलं, आमच्यातला तो एकटा नीट विचार करतोय. चोविसाव्या वर्षीचा स्वतःचा उसना अमेरिकी उच्चार पन्नाशीत जगाला ऐकवायची सक्ती त्याच्यावर का? कायद्यानंही वादकाचा आणि गायकाचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क पन्नास वर्षं मानलाय, म्हणजे आमच्या बाबतीत २०४८ संपेपर्यंत तो ‘नाही’ म्हणू शकतो. म्हणू दे. ज्यांना सगळं तत्काळ सर्वांसाठी खुलं हवं असतं त्या संग्राहकांशी माझं इथे पटत नाही. त्यांच्या घाईमुळेच कलावंत टेपा लपवतात, आणि लपवलेल्या टेपा हरवतात. वाजवणार नाही याची खात्री दिली तर कपाटं उघडतील.

आता त्या सेलोटेपबद्दल. ए बाजूला तीन इंग्रजी गाणी आहेत. खरं सांगायचं तर ती ज्यांची आहेत त्यांनीच गायलेली बरी. बी बाजूला पहिलंच मराठी गाणं. पहिलं कडवं होतं, धृपद येतं, दुसऱ्या कडव्यात गायकाचा उच्चार पहिल्यांदाच आमच्या गल्लीतला वाटतो, गिटारचा सोलो चढायला लागतो, आणि खट्. मग झांजा. पेटी. आईच्या भजनी मंडळाची तालीम, २००१ च्या आसपासची. सेलोटेप आईनं लावला होता. तिला कोरी कॅसेट हवी होती, आणि ‘पुसू नये’ हे मी पोरखेळातलं काही लिहिलंय असं तिला वाटलं असणार. स्टुडिओवाल्याला मी पंचवीस वर्षं बोल लावला, तोच उद्योग घरात झाला होता.

त्या मंडळातल्या नऊ बायकांपैकी सहा आता नाहीत. आईही नाही. तिच्या आवाजाचं दुसरं मुद्रण आमच्याकडे नाही. अधूनमधून ती कुणाला तरी दटावते, “अगं, खाली येऊ नकोस, तिथेच थांब,” आणि पुन्हा पहिल्यापासून. हेही कधी निघायचं नव्हतंच.

तपकीर गल्लीतल्या काकांनी नक्कल करून देताना विचारलं, “दोन वेगळ्या फाइली करू का? तुमचं वेगळं, भजन वेगळं?” मी म्हटलं, नको, कापू नका. त्यांनी मग ती तशीच सलग उतरवली. फाइलीला नाव काय द्यायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.